खुर्चीमागून आलेला चेंडू

धाकट्या शिवकांताचं लग्न उदगीरला झालं ते साल २०२३. त्याच साली उन्हाळ्यात माझ्या थोरल्या लेकाच्या, मल्लिनाथच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

मल्लिनाथ लातूरच्या एका शाळेत पीटीचा सर. नांदेडला कॉलेजात होता तेव्हा फुटबॉल खेळायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार सून जगदेवी त्याला डायलिसिसला नेई. बाकीच्या दिवशी तो संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आपल्या पोरीला, पंधरा वर्षांच्या मंजुश्रीला, चेंडू वळवायला शिकवी. पोरीचा चेंडू वळताना एकदा बघायचा, एवढंच त्याने मनात धरलं होतं.

भिंतीपाशी दोन विटा म्हणजे गोल. त्याच्यापुढे मल्लिनाथची खुर्ची. चेंडू त्याच्या बाजूने जाऊन आत वळायचा आणि विटांमध्ये शिरायचा. मी भिंतीपाशी, चेंडू परत द्यायला.

“पोटात नको, चेंडूच्या बगलेला मार,” तो सांगायचा. “आणि जोरात. हळू मारलेला वळत न्हाई.”

बापासमोर मंजूचा पाय आखडायचा. आमच्यात माणसाला पाय लागला की वाकून नमस्कार करतात. चेंडू मल्लिनाथच्या गुडघ्याला लागला की ती पळत येऊन त्याच्या पाया पडायची.

“देवळात आलीस का गं?”

“लागलं का अप्पा?”

“लागू दे. डायलिसिसच्या सुयांचा हात मी मागं घेतलाय. मार तू.”

तो दवाखान्यात असला की मात्र रिकाम्या खुर्चीला वळसा घालून चेंडू बरोबर विटांमध्ये जायचा. मी कितीदा तरी बघितलं.

दिवाळीनंतर एकदा तो चिडला. “चार महिने झाले. तुला जमतच न्हाई!”

पोरीचे डोळे भरले. मला राहवलं नाही. “जमतं तिला. तू नसलास की लई झकास वळतो.”

बोलून गेले. मल्लिनाथ चपलेने माती उकरत बसला. मग म्हणाला, “अव्वा, खुर्ची फिरव. माझं तोंड भिंतीकडं कर. तिला मी दिसायला नको.”

पहिला चेंडू त्याच्या पाठीत बसला. मंजू धावली.

“तिथंच थांब! पाठीला नमस्कार नसतो. दुसरा मार.”

चौथा चेंडू त्याच्या उजव्या खांद्यापासून हातभर लांबून आला. बाहेर जातोय असं वाटलं, आणि वळून विटांमध्ये शिरला. मल्लिनाथने तो बघितला.

“परत,” तो हळूच म्हणाला.

पुढचा एकही वळला नाही. बापाच्या पाठीकडे बघत मंजू रडत होती. मला दिसत होतं, त्याला नाही.

“काय झालं अव्वा? थकली का ती?”

“हाव, थकली.”

पुढच्या आठवड्यापासून त्याला प्लॉटपर्यंत चालवेना. आतून तो ओरडायचा, “मंजे, जा, चेंडू मार!” ती उंबऱ्यात बसून राहायची. मीही एकदा म्हणाले, जा गं.

“न्हाई अव्वा. अप्पा नसले की वळतो, असं तूच म्हणालीस ना? मला न्हाई वळवायचा.”

मी तिच्या शेजारी उंबऱ्यातच बसले.

माझा मुलगा मल्लिनाथ मंगळवारी, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, सकाळी साडेसहाला घरीच वारला. वय त्रेचाळीस.