टिकलीखालचा डाग

विजयाबाईंच्या कपाळावरची टिकली महिन्यागणिक मोठी होत चालली होती. आधी मुगाएवढी, मग वाटाण्याएवढी, आता चांगली रुपयाएवढी. "आई, तू पक्की बंगाली झालीस," असं लेक मानसी चिडवायची. विजयाबाई हसून विषय बदलायच्या. टिकलीखाली एक पांढरा डाग होता आणि तोही टिकलीबरोबर वाढत होता.

कोड! हा शब्द मनात आला की त्या आरशापुढून दूर व्हायच्या. नवऱ्याच्या, हेमंतरावांच्या, बँकेतल्या बदलीमुळे कोलकात्यात बालीगंजला येऊन सहा वर्षं झाली होती. सवाष्णीचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं, म्हणून त्या आंघोळीलाही नवी टिकली सोबत न्यायच्या. नवऱ्यालासुद्धा पत्ता नव्हता. रविवारी मानसीचे होणारे सासूसासरे पुण्याहून यायचे होते. आईला आहे म्हणजे उद्या लेकीलाही होणार, असं म्हणून ठरलेलं लग्न मोडलं तर?

शनिवारी दुपारी सुनंदाताई पाहुण्यांसाठी बेसनाचे लाडू घेऊन आल्या. त्या मराठी मंडळातल्या, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर कोड होतं. मागच्या संक्रांतीला त्यांनी दिलेला तिळगूळ विजयाबाईंनी घरी आणून केरात टाकला होता. आजही डबा घेताना त्या कचरल्या.

कोलकात्याचा घाम कुणाची भीड ठेवत नाही. विजयाबाईंनी पदराने कपाळ टिपलं आणि टिकली पदरालाच चिकटून आली. त्यांनी चटकन कपाळावर हात धरला, पण उशीर झाला होता.

"किती दिवस झाले?" सुनंदाताईंनी शांतपणे विचारलं.

"चार महिने. ताई, पाया पडते, कुणाला सांगू नका. पोरीचं लग्न मोडेल."

"आधी खाज यायची का?"

"हो. नव्या टिकल्या आणल्या तेव्हापासून. मग डाग आला. तो झाकायला मोठी टिकली..."

"आणि मोठ्या टिकलीला गोंद जास्त. अगं, आगीत तेल ओतत बसलीस! काही गोंदांतल्या रसायनाने त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मरतात. तुझं तसंच दिसतंय, पण डॉक्टरांना दाखव."

"मग तुमचं?"

"माझं वेगळं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून रंगाच्या पेशींवर उठतात. घरचे राखणदार घरच्यांनाच मारतात म्हण ना. तेच कधी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवरही उठतात, म्हणून डॉक्टर माझं थायरॉइडही तपासतात. काहींना अंगाच्या एकाच बाजूला डाग येतात. त्यात मज्जातंतूंचाही हात असावा असं म्हणतात, अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण यातलं काहीही शिवल्याने होत नाही आणि कुणाच्या पापानेही होत नाही."

"म्हणजे मला तुमच्यासारखं नाही!" विजयाबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"नसेल. पण असतं, तर तू केरात टाकण्याजोगी झाली असतीस का गं?"

विजयाबाईंना तो तिळगूळ आठवला आणि त्यांची मान खाली गेली. ताईंना ठाऊक होतं की नाही, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

संध्याकाळी हेमंतरावांना सगळं सांगून त्यांच्याबरोबर त्या डॉक्टरांकडे गेल्या. कारण बहुधा गोंदच, टिकली बंद, रंग परत येईल पण सावकाश आणि खात्री नाही, असं ते म्हणाले.

रविवारी विजयाबाईंनी मोकळ्या कपाळानेच दार उघडलं. विहीणबाईंची नजर नेमकी तिथेच गेली. विजयाबाईंनी सगळं सांगितलं. मग लाडवांचं ताट पुढे केलं. "हे आमच्या सुनंदाताईंनी केलेत. त्यांच्या हातांवर कोड आहे," असं म्हणून त्यांनी पहिला लाडू स्वतः तोंडात टाकला.

विहीणबाईंनीही लाडवासाठी हात पुढे केला. "माझ्या धाकट्या जावेलाही आहे. तुम्हाला कळलं तर तुम्हीच लग्न मोडाल, म्हणून आम्ही तिला साखरपुड्याला आणलं नव्हतं. लग्नाला मात्र आणू."

मंडळी, दोन घरं एकमेकांना भीत होती, आणि तेही एका डागापायी! डाग कातडीवर असतो, त्याला डॉक्टर आहेत. मनातला तेवढा आपला आपल्यालाच पुसावा लागतो.