वीतभर तांबं

“डॉक्टर, माझ्या अंगातून काढलेलं तांबं मला परत मिळेल का?”

विचारलं बाई एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती. “तुझ्यात नाही दम,” असं चिमणी म्हणाली (ती वर्गात सगळ्यात उंच, म्हणून चिमणी), तर फटाकडी म्हणाली, “विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन.” अट एवढीच, की हसायचं नाही आणि अडखळायचं नाही. न हसणं कठीण होतंच. न अडखळणं मला गेल्या वर्षी जमलंच नसतं.

गेल्या वर्षी माझी जीभ जड झाली होती. ‘र’ म्हणायला जावं तर तोंडात ओला कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. पेला उचलला की अर्धं पाणी सतरंजीला. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. शाळेला वाटलं आळशी झाली, आईला वाटलं या वयात मुली अशाच तंद्रीत असतात, वर्गाला वाटलं शिष्ट आहे. मग मी बोलायचंच सोडून दिलं. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेले, तर तिथल्या डॉक्टरांना माझ्या बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसलं आणि त्यांनी या मोठ्या इस्पितळात पाठवलं. माझ्या यकृतात आणि मेंदूत तांबं साठत चाललं होतं.

त्यावरच्या उपचाराला कीलेशन म्हणतात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मूळ शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. गोळी रक्तात शिरते, तांब्याला नांगीत धरते आणि लघवीवाटे बाहेर घेऊन जाते. उपाशीपोटी घ्यायची, जन्मभर घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आधी कितीतरी दिवस काहीच फरक दिसेना. मग एकदा वहीत अचानक माझंच जुनं अक्षर उमटलं. मग जीभ सुटली, आणि सुटली ती सुटलीच! आता मैत्रिणी मला खेकडी म्हणतात आणि सर म्हणतात, “गप्प बस.” दोन्ही ऐकायला फार गोड लागतं.

तर, डॉक्टर मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “काय करणारेस तांब्याचं?”

“अंगठी.”

“अगं, काय हे!” आईने मला कोपर मारलं.

पण डॉक्टर मॅडम खरंच हिशोबाला बसल्या. दर तपासणीला दिवसभराची लघवी डब्यात साठवून न्यावी लागते. (तो डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसणं काय असतं, ते मला विचारा.) ते जुने आकडे त्यांनी काढले, काहीतरी गुणिले केलं.

“वर्षाचं सगळं मिळून पाव ग्रॅमच्या आसपास. आणि ते गेलं गटारात. सॉरी हं.”

“एवढंसंच? एवढ्याशाने माझी बोलती बंद केली?”

“नको तिथे जाऊन बसलं होतं ना. एरवी तांबं सगळ्यांनाच लागतं, सगळ्यांच्याच जेवणात असतं. उरलेलं बाहेर टाकायला यकृतात एक दार असतं. तुझं ते दार जन्मापासून अडकलेलं आहे.”

पैज जिंकून झाली होती. मी उठायला हवं होतं. पण वर्षभर मुकं राहिलेल्या माणसाला एका प्रश्नाने काय होतंय!

“मग ते बाबांच्या दुकानातून नाही आलं?”

माझ्या बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपातली जुनी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार भरून तो परत फिरता करायचा, हे त्यांचं काम. मी त्या दुकानातच रांगायला शिकले. रिकाम्या रिळांचे मनोरे रचायचे, आणि बाबा तार गुंडाळताना मोठ्याने फेरे मोजायचे. चुकले तर ते हसून परत पहिल्यापासून गुंडाळायचे. पण तांब्याचं निदान झालं त्या दिवसापासून बाबा बदलले. ते दुकानाच्या मोरीतच अंघोळ करून घरी येतात. त्यांच्या कपड्यांची बादली वेगळी. धुण्याच्या सोड्याने घासून घासून हातांना भेगा पडल्यात. माझ्या डोक्यावरून हात फिरवणं बंद झालं. इस्पितळात येतात, पण बाहेरच्या बाकावर बसतात, आत येत नाहीत. आणि आता तर त्यांनी दुकानच विकायला काढलं होतं. घेणारा माणूस उद्या सकाळी येणार होता, आणि बाबा कुठल्याशा गोदामात खोकी मोजायला जाणार होते. विचारलं की म्हणत, “डोळे थकले आता.” थकलेत कसले! केसाएवढी तार अंधारात ओवतात.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाबांना वाटत होतं, त्यांच्या हाताचं तांबं माझ्या पोटात गेलं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून त्यांनी हात मागे घेतला की मीही पुढे होत नसे.

“कोण म्हणालं असं?” डॉक्टर मॅडमचा आवाजच बदलला. “तार हाताळून हा आजार होत नाही. हा जन्मतःच येतो. एक बिघडलेला जीन आईकडून आणि एक वडिलांकडून, दोन्ही लागतात. त्या दोघांना स्वतःला काही त्रास नसतो, त्यामुळे कळतही नाही. मी पहिल्याच दिवशी तुझ्या आईला सगळं समजावलं होतं. तू तेव्हा रक्त द्यायला गेली होतीस, आणि बाबा खाली औषधं आणायला.”

मी आईकडे बघितलं. आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

या खेपेला बाहेरच्या बाकावर बाबा नव्हतेच. हाती घेतलेला शेवटचा पंप त्यांना संपवायचा होता.

“आई, तुला माहीत होतं?” मी जिन्यातच विचारलं.

“चल, बस जाईल.”

बसमध्ये ती खिडकीकडे बसली. तिकिटं काढून झाल्यावर म्हणाली, “सांगणारच होते मी त्यांना.”

“कधी?”

“आज ना उद्या.”

“उद्या दुकान जाणार, आई!”

दुकानाच्या थांब्यावर मी उतरले. ती उतरली नाही. बस तिला घेऊन पुढे गेली आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून विचार करत होते, की आता नेमकं कुणावर चिडायचं? आईवर चिडावं, तर तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. रोज सकाळी उठून मला उपाशीपोटी गोळी देणारी हीच. मी नीट बोलायला लागले त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून रडलेली पण हीच.

दुकानात वार्निशचा वास होता. अर्धी फळी रिकामी झाली होती. बाबा ओठ हलवत तार गुंडाळत होते. फेरे मोजत असले की मध्ये बोलायचं नाही, हा आमचा नियमच. म्हणून एवढं सगळं सांगायचं असूनही मी दारात मुकाट उभी! कॉइल संपली, त्यांनी गाठ मारली आणि वर बघितलं.

“काय म्हणाल्या डॉक्टर? बरं आहे ना सगळं?”

“बरं आहे. बाबा, पाव ग्रॅम तांबं म्हणजे किती तार हो?”

“कुठली तार?” धंद्याचा प्रश्न आला की बाबांची मान ताठ होते.

“ही, हातातली.”

“हिचं मीटरला ग्रॅमभर भरतं, जरा वरच. म्हणजे एक वीत धर.” त्यांनी बोटं ताणून वीत मोजली, तार टचकन तोडली, आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. “शाळेचं काही आहे का?”

मी ती उचलली आणि बोटाभोवती गुंडाळली. चार वेढे बसले. छान दिसत होती अंगठी!

“काढ ते! काढ आधी!” बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की पक्कड खाली पडली. “किती वेळा सांगितलं, इथल्या कशाला हात लावू नकोस म्हणून!”

“बाबा, वर्षभरात माझ्या अंगातून निघालं ते एवढंच. आणि ते इथलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, तार हाताळून हे होतच नाही. ते जेवणातलं होतं. तुम्ही जेवता तेच.”

“तू लहान आहेस. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.”

“मग हे दुखणं कुणाकडून आलं ते तरी ऐका—” मी म्हणाले आणि थांबले. कारण दारात आई उभी होती. पुढच्या थांब्यावर उतरून चालत आली होती. धापा टाकत होती.

“माझ्याकडून,” ती म्हणाली. “आणि तुमच्याकडून. अर्धं अर्धं. तुमच्या दुकानाचा काही संबंध नाही. मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं डॉक्टरांनी.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचे हात बघितले, आधी वरून, मग तळवे.

“वर्षभर मी हे हात घासतोय.”

“दिसत होतं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

आईने खुर्ची ओढली, पण बसली नाही. “तुम्ही सगळं स्वतःवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसत होतात. म्हणून मला आत बसता येत होतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर मी कुठे बसले असते?”

मला वाटलं आता भांडण होणार. बाबांचा जबडा घट्ट झाला होता. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मी उभी राहून विचार करत होते, की हा दोष म्हणजे दोन माणसांनी न बघता दिलेली वस्तू. देताना त्यांच्या हाताला कळलंसुद्धा नाही. मग तो एकट्याने उचलायचा हट्ट कशाला, आणि लपवायचा तरी कशाला?

बाबांनी वाकून पक्कड उचलली. “दोघांचा सारखाच बिघाड?”

“सारखाच,” आई म्हणाली.

“इतक्या वर्षांच्या संसारात आपलं जुळलं ते एवढंच म्हणायचं!”

आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाबा तिच्याजवळ गेले नाहीत, पण खुर्चीवरची तारेची गुंडाळी बाजूला करून म्हणाले, “बस.” मग माझ्याकडे वळले. हात पुढे आला, सवयीने अर्ध्यात थांबला. मी डोकं पुढे केलं. काय करणार? किती दिवस वाट बघायची! भेगांत केस अडकले, पण मी हूं की चूं केलं नाही.

“पण त्या माणसाला मी शब्द दिलाय,” बाबा म्हणाले. “उद्या सकाळी येतोय तो.”

“येऊ दे की!” मी अंगठी घातलेला हात टेबलावर ठेवला. तो जरासुद्धा थरथरला नाही. तिघांनीही बघितलं. “आई, बाबा, ऐका, मी ठरवलंय. उद्या तो यायच्या आत मी इथे येऊन बसणार. गोळी घेऊनच येईन, आई, तू काळजी करू नकोस. आणि उद्यापासून रोज, शाळा सुटली की इथेच. मी मोटार भरायला शिकणार आहे. फेरे मीच मोजणार, पहिल्यासारखे, मोठ्याने. त्या माणसाला सांगा, दुकान हवं असेल तर माझ्यासकट घ्यावं लागेल.”