माझ्या पोटातला खडा

मी एक जुनी, तपकिरी, मातीची ताटली आहे. मित्रांनो, एकाच भट्टीत भाजलेल्या आम्हा चाळीस ताटल्यांपैकी आज मी एकटीच उरले आहे. माझ्या बहिणी चोरीला गेल्या नाहीत, की वापरून झिजल्या नाहीत. ज्या हातांनी आम्हाला घडवले, त्याच हातांनी त्यांच्यावर हातोडा घातला. तेव्हा बसलेला धक्का अजूनही माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही.

ते हात ताईचे. ताई आणि तिची धाकटी बहीण छोटी, दोघी मिळून भांडी घडवत. ताई चाकावर बसे. छोटी झिलई देई, भट्टी लावी आणि गिऱ्हाइकांशी बोले. कारण गोड बोलणे ताईला उभ्या जन्मात जमले नाही. काम मात्र तिचे असे, की नाव ठेवायला जागा नाही. काठ केसभर वाकडा दिसला, तरी ती ओळच्या ओळ मोडून परत मातीत टाकायची. "अगं, खाणाऱ्याला कळणारसुद्धा नाही," छोटी हळहळायची. "मला कळतंय ना!" ताईचे उत्तर ठरलेले.

त्यांच्या नेहमीच्या मातीच्या जागेवर घरे उभी राहिली, म्हणून ताई नव्या मातीच्या शोधात ओढ्याकाठी फिरली. एका वळणावर काठ ढासळला होता आणि आत लोण्यासारखी मऊ माती उघडी पडली होती. तीच मी. ताईने घमेले भरून मला घरी आणले आणि बाबांपुढे ठेवले. बाबांची दृष्टी गेली होती, पण पन्नास वर्षे मातीत घालवलेला माणूस तो. त्यांनी चिमूटभर माती तोंडात टाकली आणि दातांखाली धरली.

"कचकच लागते," ते थुंकून म्हणाले. "चुनखडी आहे हिच्यात. आधी चाळणीतून गाळ, मग बारीक फडक्यातून. दोनदा गाळल्याशिवाय चाकाला लावू नकोस."

"हो बाबा," ताई म्हणाली.

मला पिंपात भिजवले, ढवळले, चाळणीतून गाळले. काड्या आणि खडे वर राहिले. आता फडक्याची पाळी, असे मला वाटले. पण नव्या बालवाडीला तीस ताटल्या हव्या होत्या आणि सोमवारी शाळा उघडायची होती. ताईने चिखलात हात घातला, बोटांमधून फिरवून पाहिला आणि स्वतःशीच पुटपुटली, "चांगली तर आहे." फडके दोरीवर तसेच वाळत राहिले.

पुढचे दिवस मात्र सुखाचे होते. ताईने मला मळले, चाकावर चढवले आणि दोन बोटांच्या चिमटीत माझा काठ उचलला. सावलीत वाळल्यावर तळ तासला. छोटीने झिलईचा हात दिला आणि आम्ही चाळीसजणी भट्टीत गेलो. बाहेर आलो तेव्हा छोटीने मला नखाने टिचकी मारली आणि मी घंटेसारखी वाजले. बालवाडीच्या बाई तर आम्हाला पाहून हरखूनच गेल्या. तीस ताटल्या त्यांच्याबरोबर गेल्या; जादा केलेल्या आम्ही दहाजणी फळीवर राहिलो. तुम्हाला म्हणून सांगते, मला तेव्हा त्या तीसजणींचा हेवा वाटला होता.

शाळा उघडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या शेजारची बहीण 'टक्' अशी वाजली.

तिला कोणी हातही लावला नव्हता. तिच्या मधोमध नाण्याएवढी कपची उडाली आणि फळीवर पडली.

"मांजर आलं वाटतं," छोटी म्हणाली. एवढ्यात पलीकडच्या टोकाला दुसरी वाजली. टक्. छोटी जागच्या जागी थिजली. आणि मी? मित्रांनो, मला ओरडता आले असते, तर मी त्या क्षणी घर डोक्यावर घेतले असते!

दाराशी खाटेवर बसलेल्या बाबांनी मान वळवली. "काय फुटलं?"

"ताटली, बाबा."

"कुणाचा धक्का लागला?"

"कुणाचाच नाही."

बाबा खाटेवरून पुढे वाकले. मग त्यांनी हळूच विचारले, "खळग्यात पांढरा ठिपका दिसतोय का?"

ताईने ताटली उचलली. खळग्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"भट्टीत भाजला, की त्या खड्याचा चुना होतो," बाबा म्हणाले. "मग तो हवेतली ओल पीत राहतो आणि फुगतो. आज फुगेल, नाहीतर महिन्याने. पण दोनदा गाळल्यावर राहिलाच कसा?"

"ताई, तू दोनदा गाळलीस ना?" छोटीने विचारले.

ताई त्या ठिपक्यावर बोट घासत राहिली.

"ताई?"

"एकदाच."

छोटीने तिच्याकडे असे पाहिले, जणू समोर कोणी अनोळखी बाई उभी आहे. केसभर वाकडा काठ न खपवून घेणारी तिची ताई! मग दोघींच्या मनात एकदमच तो विचार आला असावा, कारण दोघींनी एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बालवाडीत अकराला जेवण असे.

ताईने ती फुटकी ताटली आणि मला, अशा दोघींना पिशवीत कोंबले आणि चपला न घालताच ती धावत सुटली. मागे छोटी. पिशवीत मी त्या जखमी बहिणीला टेकून हिंदकळत होते आणि मनात एकच भीती होती: माझ्याही पोटात तो खडा असेल का?

पोहोचलो तेव्हा वाढून झाले होते. चटईवर मुलांची रांग, प्रत्येकापुढे माझी एकेक बहीण, त्यांत उकडलेले वाटाणे आणि बटाटे.

"थांबा! कुणी खाऊ नका!" ताई दारातूनच ओरडली.

मुलांचे घास हवेतच थांबले. एका मुलीचा मात्र तोंडात गेला होता. ती चावायची थांबली आणि आपल्या ताटलीकडे बघत आश्चर्याने म्हणाली, "बाई, माझ्या ताटलीचा दात पडला!"

ताईने झडप घालून तिच्या तोंडात बोट घातले. वाटाण्यांबरोबर एक धारदार कपची बाहेर आली. तिच्या टोकाला रक्ताचा थेंब होता. मुलगी रक्ताला नाही, तर ताईच्या चेहऱ्याला घाबरून रडू लागली.

बाईंनी तिला चूळ भरायला लावली आणि तोंडात नीट पाहिले. हिरडीवर ओरखडा होता, नशिबाने तेवढाच. मग त्या ताईकडे वळल्या. त्यांनी ती कपची तिच्यापुढे धरली. "हे काय आहे?"

"ओढ्याकाठची माती, बाई," छोटी मध्ये पडली. "तिचं काही सांगता येत नाही—"

"मातीला दोष देऊ नकोस," ताईने तिला अडवले. तिने मला आणि फुटक्या बहिणीला टेबलावर ठेवले. "बाबांनी दोनदा गाळायला सांगितलं होतं. मी एकदाच गाळली. चूक माझी आहे. सगळ्या ताटल्या परत द्या."

त्या दिवशी मुले आपापल्या डब्यांच्या झाकणांत जेवली.

घरी अंगणात ताईने आम्हाला रांगेने मांडले. कोणाच्या पोटात खडा आहे आणि कोणाच्या नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तिने हातोडा उचलला. पहिल्या घावाला मी हबकले, दहाव्याला बधिर झाले. एकोणचाळीस मोजले. माझ्यावर सावली पडली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "एक राहू दे."

"कशाला, बाबा?"

"वाट पाहायला."

मी फळीवर परत आले. माझ्यात कधी घास वाढला गेला नाही. आठवडे गेले, महिने गेले, वर्ष सरले. एके दिवशी छोटी म्हणाली, "बिचारी चांगली आहे गं. हिच्यात वाढू या का आज?" ताईने मला हातात घेऊन उजेडाकडे धरले. मग "नको," एवढेच म्हणून तिने मला जागेवर ठेवले.

त्याच दुपारी, घरात जेवणे चालली असताना, माझ्या पोटातून आवाज आला. टक्.

सगळ्यांचे हात थांबले. ताई उठली, माझ्या खळग्यातल्या पांढऱ्या ठिपक्यावरून तिने बोट फिरवले आणि मला बाबांच्या हातात दिले. एक वर्ष! मी स्वतःला निर्दोष समजत होते, आणि तो खडा एक वर्ष माझ्या आत ओल पीत बसला होता.

आता बालवाडीत नव्या ताटल्या आहेत. देण्याआधी ताईने त्या दोन महिने ओलसर मोरीत ठेवून पाहिल्या, आणि बाईंनी घेताना एकेक उलटीपालटी करून तपासली. ताईला त्याचा राग आला नाही.

मित्रांनो, घाईत केलेले काम लगेच फुटत नाही. ते दिसायला सुरेख दिसते, टिचकी मारली तर वाजतेही. फुटते ते नंतर, आणि बहुधा दुसऱ्याच्याच तोंडात. म्हणून तुमच्या घरातले जाणते माणूस एखादी गोष्ट दोनदा कर म्हणाले, तर हवे तर तोंड वाकडे करा, मनातल्या मनात चिडा. पण हात थांबवू नका. दुसऱ्यांदाही गाळा.