आधी बघायचं, मग ओतायचं

ऐका. समुद्राला लागून एडवण म्हणून एक गाव. तिथं शकूआजी राहायची, मासळी विकणारी. तिचा मुलगा जानू, बोटीवर जाणारा. आणि जानूची लेक रिद्धी, पालघरला नर्सिंगच्या कॉलेजात शिकणारी. आता विचाराल, हे सगळं सांगणारा तू कोण? मी बेडपॅन बोलतोय. अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्याखाली सरकवतात ना, ते स्टीलचं भांडं. नाक कशाला दाबता? आत्ता मी धुतलेला आहे.

तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा जन्म. माझ्या शेजारच्या पत्र्याची परात झाली. मला वाटलं, आपणही परातच होणार, तांदळाचं पीठ मळून घेणार. पण मशीननं मला असं काही दाबलं की पुढून चपटा, मागून रुंद, मध्ये भलंमोठं तोंड. पॅकिंगवाल्यानं मला उलटसुलट केलं नि विचारलं, "चाचा, ये काहे का बर्तन है?" चाचा त्याच्या कानात काहीतरी बोलले. त्यानं मला हातातून टाकलंच! कडेला पोचा पडला, तो अजून आहे. जन्मल्या जन्मल्या बसलेला हा माझा पहिला धक्का.

तिथून मी कॉलेजात आलो. प्रॅक्टिकलच्या खोलीत प्लास्टिकचा एक पेशंट झोपलेला. मुली मला बघून ओढणीत हसत होत्या. प्रियदर्शिनी मॅडमनी मला उचललं, अगदी पूजेचं ताट उचलावं तसं.

"आधी पडदा ओढायचा. मग भांडं कोमट पाण्यानं गरम करून पुसायचं. आजारी माणसाला थंडगार पत्रा लावायचा नाही. आणि ओतण्याआधी बघायचं. रंग बघायचा, वास ओळखायचा."

"वाससुद्धा, मॅडम?" मेघाली नावाची पोर किंचाळली.

"हो बाई. पेशंट एखादी गोष्ट लपवेल. हे भांडं नाही लपवणार."

मी चाट पडलो. माझ्याकडे बघायचं? आजवर जो तो मान वळवूनच धरायचा मला. त्या दिवशीही सगळ्या पोरींनी तोंडं वाकडी केली. एक रिद्धी सोडून.

"तुला किळस नाही येत?" मेघालीनं तिला मागाहून विचारलं.

"आमची आजी मासळी घेताना कल्ले उघडून नाक लावते. मी एवढीशी होते तेव्हापासून मलापन लावायला लावते. म्हनते, नाक वळवलंस तर सडका माल घरी आनशील."

"मग घरी सांगितलंस का, इथं हे भांड्याचं पण काम असतं?"

रिद्धीचा चेहरा उतरला. "नाय गं. आजी सफाळ्याच्या बाजारात सांगत फिरते, माझी नात सुया देते. हे कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवेल."

म्हणजे तिच्या घरापासून लपवायची गोष्ट कोण, तर मी.

मग मुलींची हॉस्पिटलात ड्युटी लागली. वॉर्डात भांडी कमी होती म्हणून मलाही तिकडे धाडलं. एके सकाळी रिद्धी एका पेशंटकडून मला घेऊन निघाली होती, वर फडका झाकलेला. तेवढ्यात दारातून स्ट्रेचर आलं. त्यावर शकूआजी, मागून जानू! पाटी डोक्यावर घेऊन ओल्या जेटीवरून घसरली होती, मांडीचं हाड मोडलेलं. उद्या ऑपरेशन.

रिद्धी जागच्या जागी थिजली. आजीची नजर माझ्यावर.

"रिद्धे, काय हाय ते हातात?"

"भांडं हाय, आजी."

"कसलं?"

रिद्धीनं माझ्यावरचा फडका आणखी ओढून घेतला. आजी काय समजायचं ते समजली. पाय मोडलेली बाई, पण आवाज कसा! "जानू! उद्या हिची पेटी उचल हॉस्टेलातून. माझ्या घरची पोर लोकांची घान काढायला नाय पाठवली मी!"

"आये, हळू बोल ना. लोक बघतात."

"लोक बघतात तेच तर बोलते!"

जानू खाली मान घालून उभा राहिला. आईपुढे त्याचं कधी चाललंच नव्हतं. रिद्धीचं कॉलेज संपलं, हे त्या वॉर्डातल्या खाटांनाही कळलं.

त्या दिवशी आजीनं पाण्याचा घोट घेतला नाही. का? तर माझी गरज लागू नये म्हणून! माणसं लाजेपायी तहान मारतात, हे मी पुष्कळ पाहिलंय, तरी दर वेळी हबकतो. दुपारी तिच्या पोटात कळ आली. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"दुसऱ्या कोनाला बोलव," ती म्हणाली.

"मीच हाय, आजी." रिद्धीनं पडदा ओढला. मला कोमट पाण्यानं गरम केलं, पुसलं, आजीला अलगद उचलून खाली सरकवलं. आजीनं भिंतीकडे तोंड केलं. ती रडत होती. भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करणारी बाई, माझ्यामुळे रडत होती.

मग मोरीजवळ जाऊन रिद्धीनं फडका उचलला. आत काळंकुट्ट. डांबरासारखं, चिकट. ती तशीच मागे आली.

"आजी, काल काय खाल्लंस?"

"माकुलाचं कालवन. शाईसकट. मग काळं नाय तर काय पांढरं होनार?"

जानू हसला. शेजारच्या खाटेजवळची मेघाली हसली. माकुल म्हणजे समुद्रातली मऊ, बिनकाट्याची मासळी, तिच्या पोटात काळी शाई असते, किनाऱ्यावरच्या पोरीला ते कोण सांगणार? रिद्धीही हसली, हलकी झाली, मोरीकडे गेली. नळ सोडला. मला वाकडं केलं.

अगं थांब! मी ओरडलो असतो, पण मला जीभ कुठे? माझ्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं.

आणि ती थांबली. नळ तसाच वाहत राहिला. तिनं नाक जवळ आणलं.

"हा माकुलाचा वास नाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग ओरडली, "मॅडम!"

प्रियदर्शिनी मॅडम धावत आल्या, माझ्यात डोकावल्या आणि त्यांनी आजीची नाडी धरली. डॉक्टर आले. सगळ्यांचे चेहरे बदलले.

"आजी, कसल्या गोळ्या घेता का?"

"नाय बा."

रिद्धीनं आजीच्या कमरेची चंची सोडली. सुपारीखाली गोळ्यांची पाकिटं. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून घेतलेल्या. दिवाळीपासून रोज, पहाटे बाजाराला निघताना, रिकाम्या पोटी. त्या गोळ्यांनी पोटात जखम केली होती आणि आतल्या आत झिरपलेलं रक्तच काळं होऊन बाहेर आलं होतं.

"हे कळलं नसतं आणि उद्या ऑपरेशनला घेतलं असतं, तर आजी टेबलावरच गेल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. जानूनं सगळी पाकिटं गोळा करून त्यांच्या हातात दिली.

ऑपरेशन थांबलं. रक्ताची बाटली लागली. नळीतून कॅमेरा घालून जखम बघितली, औषधं सुरू झाली. संध्याकाळी आजीनं डोळे उघडले.

"रिद्धे, तुला कळलं कसं?"

"वास घेतला."

"नाक लावलंस? त्याला?"

"तूच शिकवलंस ना."

आजीनं तिचा हात हातात घेतला. मग बारीक आवाजात म्हणाली, "मी मासळीसाठी शिकवलं होतं गं."

दोन दिवसांनी जानूनं भीत भीत विचारलं, "आये, पेटी उचलू का हिची?"

"कोनाची पेटी?" आजी कडाडली. "तुला काय कामधंदा नाय?"

पुढे पोट बरं झालं, मग पायाचंही ऑपरेशन झालं. रिद्धी पास झाली, बोईसरच्या एका हॉस्पिटलात लागली. मेघाली इथंच लागली, मला घासताना सगळं सांगत असते. सफाळ्याच्या बाजारात आजी आता स्टुलावर बसते. कुणी सुयांचं विचारलं की म्हणते, "सुया कोनीपन देतो. माझी नात आधी बघते, मग ओतते. तू पन कल्ले बघून घे, उगाच नाक मुरडू नको."

मी अजून त्याच वॉर्डात, मांडणीवर पालथा, निथळत असतो. पोचा आहे, चकाकी गेली. मागणं एकच. घरातलं म्हातारं माणूस माझ्यापायी पाणी सोडून बसलं, तर त्याला रागावू नका. पडदा ओढा, मला गरम करा, आणि ओतण्याआधी एकदा बघा. शकूआजीच्या घरी जीव राहिला, लेक शिकली, चूल हसती झाली. तुमच्याही घरी असंच होवो.