रोजा सोडायचं विमान

सात वर्षांपूर्वी आमचा जसीर वडलांची लाकडाची वखार सोडून दुबईला निघून गेला. तेव्हा बीरानकुट्टी, म्हणजे माझे यजमान, केरळातल्या अख्ख्या तिरूरला ऐकू जाईल असे ओरडले होते, "तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही!" आणि खरंच, तो सुट्टीवर आला की हे वखारीत जाऊन जेवायचे. यंदा दुबईत नात झाली. तिला बघायचा मोह यांना काही आवरेना. पण नेमका रमजान. उतरल्या दिवशीच रोजा सोडायचा पहिला घोट मुलाच्या घरचा!

त्यावर यांनी तोड काढली. तिकीटवाल्याला म्हणाले, "पावणेतीनचं विमान दे. चार तास लागतात ना? साडेसहाला सूर्य बुडाला की मगरिब. रोजा आभाळातच सुटेल."

"प्रवासात रोजा नाही धरला तरी चालतं," मी म्हटलं.

"पन्नास वर्षांत एक चुकवला नाही. आता काय खिडकीत बसून बिर्याणी खाऊ?"

जसीरचा रोज फोन येतो. मी मगरिब पढून, भांडी घासून होईपर्यंत तिकडे अजून उन्हं असतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मला विचारलं होतं का कुणी?

विमानात साडेसहाला यांनी हवाई सुंदरीकडून पाणी आणि खजूर मागून घेतले.

"आधी सूर्य बघा," मी म्हटलं.

"घड्याळात मगरिब झाली!"

"तिरूरची झाली. आपण कुठे आहोत?"

ऊन थेट यांच्या तोंडावर येत होतं. विमान सूर्याच्या मागे पळतंय, तो बुडणार कसा? उतरायची वेळ झाली तशी ती पोरगी पाणी-खजूर परत घेऊन गेली.

"तुला ठाऊक होतं," हे म्हणाले. मी झोपेचं सोंग घेतलं.

दुबईत सव्वापाच वाजले होते. जसीरने सलाम केला, यांनी नुसता हुंकार दिला. सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत दिवस कलला, आणि आम्ही एका सिग्नलला अडकलो. तिथे काही जण गाड्यांमधून हिंडत इफ्तारचे डबे वाटत होते. शेवटचा डबा यांच्या खिडकीतून आत आला, आणि बांग झाली.

यांनी बिस्मिल्ला म्हणून डब्यातली पाण्याची बाटली तोंडाला लावली. अर्ध्यावर थांबले.

"तुझाही रोजा असेल ना?"

"हो, उप्पा."

"घे मग."

जसीर घटाघट प्यायला.

"हे तुझ्या घरचं पाणी नव्हे, लक्षात ठेव."

"नाही, उप्पा."

मला असा राग आला, वाटलं इथेच उतरून चालायला लागावं. तेवढ्यात हे समोर बघत म्हणाले, "घरी काय केलंय?"

"तांदळाची पत्तिरी," जसीर कसाबसा म्हणाला. "आणि कोंबडीचा रस्सा."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"मग थांबलायस कशाला? सिग्नल कधीचा हिरवा झालाय."