रस्ता मोकळा होता

मित्रांनो, माझ्यात बघून भांग पाडायला कोणी येत नाही. मी एका मालट्रकचा जुना आरसा आहे, ड्रायव्हरच्या पलीकडच्या दारावरचा. आयुष्यभर मागचा रस्ता तेवढा बघत आलो.

आमचा ड्रायव्हर भारी काटेकोर. आधी मला शर्टाच्या बाहीने पुसणार, वाकून बघणार, मगच चावी फिरवणार. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, की स्वतःच्या लग्नाला निघालास का? तो नुसता हसायचा. माझी मात्र कॉलर ताठ व्हायची.

त्याच्या मुलीला घरात सगळे चिमणी म्हणत. कॉलेजला जाताना आमची गाडी दिसली, की ती स्कूटरवरून मागे यायची आणि माझ्यात बघून हात करायची. तो दोनदा हॉर्न वाजवायचा. बापलेकीचा हा नेहमीचा खेळ. माझ्याकडे बघून हसणारी ती एकटीच, म्हणून माझा तिच्यावर फार जीव.

त्या सकाळी आम्ही सिग्नलला उभे होतो. तिला वाटलं असेल, आज बाबांना जवळून गाठावं. मागे न थांबता ती पुढे सरकत थेट माझ्या दाराखाली आली. बाबांची गाडी, बाबांना दिसणारच की! पण मित्रांनो, दाराला लागून खाली जे असतं, ते माझ्यात येतच नाही. मला कितीही पुसा.

सिग्नल सुटला. त्याने माझ्यात बघितलं आणि गाडी माझ्या बाजूला वळवली.

पोरगी वर बघून हात करत होती, असं कोपऱ्यावरच्या फळवालीने नंतर सांगितलं. चिमणी गेली. जो तो त्याला विचारायचा, आरशात बघितलं नाहीस का?

"बघितलं," तो म्हणायचा. "रस्ता मोकळा होता."

आता आमची गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात उभी असते. स्कूटर शिकायला आलेल्या पोरांपैकी एकाला तो आपल्या सीटवर बसवतो, दुसऱ्याला पलीकडच्या दाराखाली उभं करतो. सीटवरचा म्हणतो, काका, तिथे कोणीच नाही. खालचा तर दोन्ही हात हलवत असतो. मग पोरांची थट्टामस्करी थांबते.

"आरशात माझं तोंड दिसत नसेल," तो सांगतो, "तर तुम्हीही मला दिसत नाही. मागेच थांबा."

पोरं गेली की तो मला पुसतो, माझ्यात बघतो. माझ्यात मोकळं आवार असतं. तरी तो उठून पलीकडच्या खिडकीशी येतो, मान बाहेर काढतो आणि खाली बघतो. खाली कोणी असलं तर, या विचाराने तेव्हा मला फार भीती वाटते.

मित्रांनो, गाडीला बिलगू नका रे. मागे राहा. मला दिसत राहा.