टबातलं भात

ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, वसईला जायला यंदा रजा मिळणार नाही, हे नर्स असलेल्या जोसेफीनला जुलैतच कळलं.  तिच्या नवऱ्याने, इलायसने, आखातात, रिफा शहरातल्या घरामागे, सावलीत, जुन्या टबात चिखल करून भात पेरलं. लेक वेन्डी रोज पाणी घालायची.

लोंब्या भरल्या, तशा चिमण्यांनी बऱ्याचशा फस्त केल्या. उरलेले दाणे वेन्डीने नखांनी सोलले. जेमतेम मूठभर तांदूळ निघाले.

“ओन्ली दिस मच, ममा?” ती हिरमुसली.

जोसेफीनने ते रोजच्या तांदळात मिसळले आणि शिजत घातले.

“आता नवा दाणा कुणाच्या घासात आला, कळायचं नाही,” ती म्हणाली.

त्या दुपारी तिघंही फार सावकाश जेवली.